जन्मस्थान : नाव

मे सामलेपच्या धक्क्यावर, डिझेलच्या पिंपाशेजारी
माझा बाप अजून दोन वह्या बाळगतो,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबराचे दोन वेढे.
एकीत थाई चौकीचा शिक्का : सालवीन.
दुसरीत समोरच्या काठावरच्या ठाण्याचा : थानल्विन.
पाणी एक, बोट एक, मासळीची टोपलीसुद्धा एकच.
शाई तेवढी वेगळी.
थाई शाई निळी असते, ओलाव्याने लवकर उडते.

वर चीनमधे तिला नू म्हणतात.
मिठाच्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं एकदा, नू म्हणजे रागीट.
"कोणावर?" बापाने विचारलं.
व्यापारी पोतं सरळ करत राहिला.
त्याला धक्क्यावर उतरवल्यावर बाप मला म्हणाला,
"नावं ठेवायला काय, काठावर बसलं की जमतं."

आम्ही कारेन. आमच्या बोलीत ती खो-लो-क्लो,
पण तेही बाप पाण्यावर असताना उच्चारत नाही.
गावाचा रिवाज नाही हा, त्याचा एकट्याचा.
आईकडून घेतला की कुठल्याशा रात्री भीतीतून निघाला,
धड सांगत नाही.
"झोपलेल्या माणसाला उगाच हाक मारतो का आपण?"
एवढंच म्हणतो, आणि सुकाणू काखेत धरून
विडा लावायला घेतो.

मी झाले तेव्हा इंजिन बंद पडलेलं.
आई तांदळाच्या गोण्यांवर आडवी,
वर ताडपत्री, ताडपत्रीला तीन भोकं.
ती मोजत होती म्हणे. दुसरं करणार काय?
मागे गोळीबार सुरू झाला म्हणून निघालेले,
पुढे दवाखाना बारा वळणांवर.
बापाने बांबू रोवून बोट टेकवली
मधल्या खडकाला,
जिथून दोन्ही काठ सारखेच लांब दिसतात.
आजीने सुपारीच्या अडकित्त्याने नाळ कापली,
आधी कंदिलाच्या ज्योतीवर धरून.
त्या अडकित्त्याने ती पुढे कित्येक वर्षं
सुपारीच कातरत होती.

उजाडल्यावर बाप मला घेऊन दोन्ही ठाणी फिरला.
थाई शिपाई म्हणाला, पोर तिकडची.
तिकडचा म्हणाला, खडक कोणाच्या बाजूला होता?
"मधे."
"मधे असं काही नसतं, सॉ लेरवा."
मग त्याने माझ्या मुठीत आपलं बोट दिलं,
बराच वेळ काढून घेतलं नाही.
वहीत मात्र काही लिहिलं नाही.

बावीस वर्षं झाली.
छावणीच्या शाळेत, आईच्या शिधापत्रिकेवर
एक जास्तीचं माणूस, कंसात.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की
आम्ही वाळूच्या पट्ट्यावर भुईमूग लावायचो.
ते शेत तरी कुठल्या देशात होतं?
पावसाळ्यात ते उरायचंच नाही,
त्यामुळे कोणी विचारलं नाही.

आज सोप मोएच्या कचेरीत पंखा फिरतोय.
समोरच्या बाईच्या एकाच नखाला रंग आहे,
बाकीची राहिली असावीत घाईत.
नाव?
नॉ शेरगे.
जन्मस्थान?
नाव.
ती वर बघते. मी पुन्हा सांगते :
नाव. लाकडी, लांब शेपटाच्या इंजिनाची.
अजून चालते, तळाला डांबर लागतं दरवर्षी.
"नाव कुठे होती?"
नदीत.
"गाव लागेल. नाहीतर जिल्हा."
खडक होता, म्हणते मी.
तिला हसू येतं, मलाही,
मागच्या रांगेतला म्हातारा खाकरतो.
"बरं, नदी तर नदी," ती म्हणते. "नदीचं नाव?"

बाहेर बाप बाकावर बसलाय, मांडीवर ती पिशवी.
दाराशी येऊन विचारावं वाटलं त्याला,
कुठलं सांगू?
पण तो दोन्ही हात पिशवीवर ठेवून झोपला होता.

मी पायांखाली पाहिलं.
फरशी कोरडी होती.
सांगितलं.
"असं कसं लिहायचं?" म्हणत तिने
कागद माझ्याकडे वळवला, पेन दिलं.
निळं होतं.
मी जरा दाबूनच लिहिलं.